दोनशे ग्रॅम शिल्लक

गुवाहाटीला तीन दिवस, ऑडिटसाठी.
हातातली बॅग, वजन सातच्या आत.
मी भरली, वर बसून चेन ओढली,
आणि बाबांनी ती पलंगावर पालथी केली,
बाजारात कोळणीनं पाटी ओतावी तशी.

"याला भरणं नाही म्हणत. हे कोंबणं झालं."

एकोणतीस वर्षं इंदिरा डॉकला टॅली क्लार्क.
पोती मोजली, पिंपं मोजली, चहाचे खोके मोजले,
मग कंटेनर आले, पत्र्याच्या आत काय आहे
ते कुणी यांना विचारेनासं झालं.
आता एक्याऐंशीव्या वर्षी,
शिवडीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझी बॅग तावडीत सापडली आहे.

"जड माल तळाला. तळ कुठे?"
मी बॅगेच्या पोटाकडे बोट दाखवलं.
"चाकांकडे! उभी चालते ना ती?"
बूट चाकांकडे गेले.
बुटांत मोजे, मोज्यांत चार्जर.
कुर्त्यांच्या सुरळ्या झाल्या,
एकेक गुडघ्याखाली दाबून, हवा काढून,
जहाजावर दोर ठेवतात तशा शेजारी शेजारी.

केस वाळवायचं यंत्र बाहेर.
दुसरा टॉवेल बाहेर.
जाडं पुस्तक हातात तोललं,
"तीन दिवसांत वाचणारेस?"
मी गप्प.
पुस्तकही बाहेर.
"आणि ही साडी कशाला?"
"शेवटच्या रात्री जेवण आहे."
"जेवायला साडी लागते?"
पण ठेवली. सगळ्यात वर, न गुंडाळता,
घडीवरून तळवा फिरवत.

मग फटी.
फटींत रुमाल, फटींत ओढणी,
कोपऱ्यात कोंडलेली गोधडीची पिशवी.
याला ते डनेज म्हणतात.
दोन पेटाऱ्यांच्या मध्ये फळ्या, काथ्या, जुन्या चटया,
ज्यांची नोंद कुठल्याच बिलात नसते.
"जहाज मालानं बुडत नाही, वृषाली.
हलणाऱ्या मालानं बुडतं."

खालच्या शौकत रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा वर आला.
बॅग लटकली, गरगरली, थांबली.
सहा किलो आठशे.
पेपरच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं:
माल ६.८००. शिल्लक ०.२००.
तारीख, वेळ, सही.
सही अजून डॉकातलीच, खाली दोन रेघा ओढलेली.

वडाळ्याचे सगळे खड्डे टॅक्सीनं घेतले.
डिकीतून आवाज नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे, हॉटेलात,
तीच बॅग, तेच कपडे,
आणि चेन अर्ध्यावर अडलेली.
घेतलं काय, तर चहाची दोन पुडकी.
मी बसले, उठले, पुन्हा बसले.
मग फोन केला.

सकाळची गोळी घेतली की नाही
हे दुपारी मला विचारणारा माणूस
न चाचरता सांगू लागला:
"पांढरा कुर्ता, निळा, मग तो ठिपक्यांचा.
बुटांची तोंडं एकमेकांकडे.
मळलेले कपडे फुगतात, त्यांना आधी दाब.
आणि घाई करू नकोस,
भरती अजून तासभर आहे."

कुठली भरती?
खिडकीखाली रिक्षा उभी होती
आणि समुद्र हजारो मैल लांब.
मी विचारलं नाही.
ठिपक्यांचा कुर्ता गुंडाळला. चेन गेली.

रात्री दार उघडलं ते बाबांनीच.
"आलीस" नाही, "जेवलीस" नाही.
उंबऱ्यावरच दोन्ही हातांनी बॅग जेमतेम उचलली,
कान लावून हलवली, नारळ हलवतात तशी.
काहीच वाजलं नाही.

मग चहाची पुडकी पाहिली.
शंभर, शंभर.
रद्दीच्या गठ्ठ्यातून तोच पेपर ओढून काढला,
०.२०० वर आडवी रेघ मारली,
शेजारी शून्य लिहिलं,
आणि पेन्सील माझ्यापुढे धरली:
"कर सही. माल पोचला."